कोरड्या डोक्याने हरलेली लढत

शनिवार, दिनांक २२ नोव्हेंबर. नगर क्रीडागृहातील चौथ्या लढतीत ज्या लढवय्याला तीन पंचांपैकी दोघांनी विजयी ठरवले, त्याला विजयाचा हात वर करून घेताना एका पायावर उभे राहावे लागले, कारण दुसरा पाय जमिनीला टेकत नव्हता. ज्याला पराभूत ठरवले, त्याच्या चेहऱ्यावर ओरखडाही नव्हता. हे दृश्य भरलेल्या क्रीडागृहाने उघड्या डोळ्यांनी पाहिले, आणि त्याबद्दल आजतागायत कोणी चकार शब्द काढलेला नाही. म्हणून प्रथम ही नोंद, आणि मग हकिकत.

हकिकत पराभूताच्या थोरल्या बहिणीची आहे. ती केस कापते. बाजाराच्या मागच्या गल्लीत, किल्ल्या करून देणाऱ्याच्या टपरीला लागून तिचे दुकान आहे: दोन खुर्च्या, एक बेसिन, पितळी नळाला जोडलेला हातफवारा आणि कधीच पूर्ण न वाळणारा टॉवेलांचा ढीग. सगळे तिला ताई म्हणतात. तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या बायकाही ताईच म्हणतात. ज्याच्या हातात कात्री आणि आपली मान आहे, त्याला मान द्यावा, एवढे शहाणपण सर्वांना असते.

एका जागी बसणे तिला जन्मतः वर्ज्य. गिऱ्हाईक नसले की ती धुतलेले कंगवे पुन्हा धुई, सरळ असलेला आरसा सरळ करी. "अगं, तुझ्या पायात काय भिंगरी बांधलीय?" असे कोणी म्हटले, की "बसले तर गंज चढेल," एवढेच उत्तर मिळे. या चळवळ्या हातांना विसावा तो फक्त वेण्या घालताना. डोक्याच्या कातडीला चिकटून, एकही केस सुटणार नाही अशा बारीक वेण्या घालण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. आणि जाळीच्या पिंजऱ्यात होणाऱ्या ठोसे-लाथांच्या लढतींशी तिचा संबंध आला तोही त्या वेण्यांमुळेच. तिथे लढणाऱ्या मुलींचे केस सुटून डोळ्यांवर आले, की पुढचा ठोसा दिसायच्या आत बसतो. तालमीचे वस्ताद एकदा आपल्या एका शिष्येला घेऊन दुकानात आले, वेण्या पाहून खूश झाले, आणि तेव्हापासून प्रत्येक लढतीच्या दिवशी ताईला बोलावणे येऊ लागले.

तिचा कंगव्यांचा डबा पोचवायला म्हणून धाकटा भाऊ गेला आणि तिथेच रमला. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईनेच त्याला वाढवले होते. सहा फूट उंचीच्या त्या माणसाला ती अजून 'छोट्या' म्हणे. तो खिडक्यांना काचा बसवायचा. पुरुषभर उंचीची काच छातीशी धरून अरुंद जिन्याने वर जायचे, वळणावर अंग मुरडायचे, समोरून कोणी आला तर भिंतीशी चपटे व्हायचे, हे त्याचे रोजचे काम. "काच आणि माणूस समोरासमोर आले, की एकाला सरकावंच लागतं. काच काही सरकत नाही," असे तो म्हणे. पिंजऱ्यातही तो तसाच लढे. ताईचे मत मात्र वेगळे होते. "काचबीच काही नाही," ती वस्तादांना सांगे. "लहानपणी मी तेल लावायला धरायचे, तेव्हा हा असा निसटायचा की तेल भिंतीला लागायचं. माझ्या चापट्या चुकवून चुकवून शिकलाय तो."

तो निसटत असे म्हणजे काय करीत असे, हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण ज्यांनी त्याला 'पळपुट्या' हे नाव दिले त्यांनी ते समजून घेण्याची तसदी कधी घेतली नाही. तो पाठ दाखवीत नसे. प्रतिस्पर्धी पुढे आला की तो अर्धे पाऊल मागे जाई आणि दुसऱ्या अर्ध्या पावलाने बगल देई. हुलकावणी देऊन समोरच्याला हवेत ठोसा मारायला लावी. आणि तो तोल सावरत असताना त्याच्या पोटरीवर एक आखूड, चोख लाथ ठेवून पुन्हा दूर होई. याखेरीज त्याच्याजवळ एक फार अवघड कसब होते. ठोसा अगदी गालाशी आला, की तो ठोशाच्याच दिशेने मान आधीच फिरवी. हातमोजा गालाला जेमतेम चाटून जाई, कधी तेवढाही लागत नसे. वस्तादांना या कसबाचा अभिमान होता. "दगडावर मारलं तर दगड फुटतो. पडद्यावर मार बघू!" ते म्हणत.

परंतु या कसबात एक खोट होती, आणि ती त्या तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. जवळून पाहिले तर मान वाचलेली दिसे. लांबून पाहिले तर मान झटक्याने फिरलेली दिसे.

लढतीत तीन फेऱ्या असतात. पिंजऱ्याच्या आत असतो तो रेफरी. बाहेर तीन बाजूंना तीन पंच बसतात आणि प्रत्येक फेरीनंतर आपापल्या चिठ्ठीवर गुण लिहून देतात. दिलेली चिठ्ठी परत मिळत नाही. नियमपुस्तिकेत वार चुकवण्याला गुण नाहीत. गुण आहेत ते लागलेल्या माराला. आक्रमकपणाचा विचार त्यानंतर, तोही दोघांचा मार समसमान झाला असेल तरच. नियम कडक आहे, पण अन्याय्य नाही. चुकवण्याला गुण नकोत. न लागलेल्या ठोशाला तरी ते मिळू नयेत, इतकीच माफक अपेक्षा आहे.

छोट्या आधीच्या दोन लढती दोन विरुद्ध एक अशा निकालांनी हरला होता. सलग तिसरा पराभव झाला की लढवय्याचे नाव लढती भरवणाऱ्या संघाच्या यादीतून जाते, आणि त्याच्यासारख्या तिशी ओलांडलेल्या माणसाचे गेलेले नाव पुन्हा कोणी चढवीत नाही. ती तिसरी लढत सप्टेंबरात झाली. प्रतिस्पर्धी होता 'हातोडा': आडवा बांधा, गोल खांदे, आणि खांद्यामागून येणारे लांबलचक ठोसे. दोन फेऱ्यांच्या मध्ये ताई नेहमीप्रमाणे भावाच्या कोपऱ्यात उभी होती. वस्ताद डावपेच सांगत आणि ती त्याच्या मानेपर्यंत वाढलेल्या दाट केसांवर बाटलीभर गार पाणी ओती, मायेने, अगदी मुळापर्यंत बोटे फिरवून. तो हरला. दोन विरुद्ध एक.

वस्तादांनी तक्रार केली. ऑक्टोबरात संघाच्या कार्यालयात सुनावणी ठरली. बाहेरच्या बाकावर वस्ताद आणि छोट्या बसले होते. ताई बाकापासून पाणी पिण्याच्या टाकीपर्यंत आणि टाकीपासून बाकापर्यंत फेऱ्या घालीत होती, पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत.

"ताई, जरा टेक ना," छोट्या म्हणाला. "तुला बघून मलाच दम लागलाय."

"तू गप. तुझ्यामुळेच उभी आहे."

आत लांब टेबल, झाकण घातलेले पाण्याचे पेले आणि भिंतीवर मोठा टीव्ही. अध्यक्ष मृदू बोलणारे होते, म्हणजे ज्यांचा निर्णय आधीच झालेला असतो तसे. त्यांच्या शेजारी, ज्या दोन पंचांनी छोट्याला हरवले होते त्यांपैकी एक बसला होता. जाड चष्मा, इस्त्रीचा शर्ट, सरळ स्वभावाचा माणूस. तो लबाड असता तर ही हकिकत लिहायला फार सोपी गेली असती.

"बसा ना ताई," अध्यक्ष म्हणाले.

"बसलेच आहे," ताई उभ्याउभ्याच म्हणाली.

चित्रफीत सुरू झाली. दुसऱ्या फेरीत चष्मेवाल्या पंचाने हात वर केला. "इथे थांबवा. हा पाहा ठोसा. डोकं फिरलं, घामाचा केवढा फवारा उडाला! प्रेक्षक उठून उभे राहिले. याला मी मार म्हणू नको तर काय म्हणू?"

ताई टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "मागे घ्या. हळू लावा."

हातोड्याचा हातमोजा सावकाश आला आणि छोट्याच्या गालासमोरून बोटभर अंतराने निघून गेला. मान त्याआधीच फिरली होती. आणि फिरलेल्या मानेमागे, दिव्यांच्या उजेडात, थेंबांचा एक पंखा उलगडला. त्या फवाऱ्याकडे ती बघतच राहिली. तोच फवारा दिवसातून वीसदा तिच्या तोंडावर उडत असे, गिऱ्हाईक बेसिनवरून डोके उचलते तेव्हा.

"तो घाम नाही," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

"पाणी आहे. मी ओतलेलं."

वस्तादांनी तिची बाही ओढली. "ताई, काय बोलतेस? फरशी ओली करायला बंदी आहे!"

"असू दे बंदी. पाणी होतं, तर पाणीच म्हणणार." तिचा आवाज चिरका झाला होता. "दरवेळी मीच ओतलंय. तिन्ही लढतींत."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "म्हणजे बाई, तुम्ही पाणी त्याच्या डोक्यावर नाही, माझ्या डोळ्यांत ओतलंत की!"

यावर हसावे की रडावे ते कोणालाच कळेना. छोट्या हसला. त्याला कुठे हसू नये हे कधीच कळले नाही.

निकाल बदलणार नाही, असे अध्यक्षांनी सांगितले. बेरीज चुकली किंवा नियम मोडला, तरच निकाल बदलतो.

"म्हणजे निकाल चुकीचा असू शकतो, पण बदलू शकत नाही?" वस्तादांनी विचारले.

"पंचांना दिसलं ते खरं धरायचं. नाहीतर रोज इथं सिनेमा लावून बसावं लागेल." मग ते अधिकच मृदू झाले. "पण पाण्यानं गोंधळ झाला असेल, हे आम्ही मान्य करतो. नाव तूर्त राहील. त्याच हातोड्याशी आणखी एक लढत. त्यात जे होईल ते शेवटचं. आणि ताई, प्यायच्या घोटाशिवाय पाणी नाही."

त्या दिवसापासून लढतीपर्यंत ताईला चैन पडले नाही. आपल्याच हाताने आपण पोराच्या मेहनतीवर तीनदा पाणी फिरवले, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला तिने कात्री लावली; इतक्या वर्षांत प्रथमच. दुसऱ्या एका बाईचे केस ती इतका वेळ पुसत राहिली, की बाई म्हणाली, "ताई, केस पुसतेयस की मला?" त्याच संध्याकाळी तिने छोट्याला खुर्चीत बसवले.

"सगळे?" त्याने आरशातून विचारले.

"सगळे."

"लग्नाच्या आधीच टक्कल?"

"लग्न कोण करतंय तुझ्याशी? मुलगी एक पाऊल पुढे आली की तू दोन मागे जाशील."

यंत्र सुरू झाले. लहानपणापासून तिच्या कंगव्याखाली क्षणभर न टिकलेले ते डोके त्या दिवशी जराही हलले नाही. दाट केसांचे पुंजके फरशीवर पडत राहिले. शेवटी ती त्या गुळगुळीत टाळूवरून तळहात फिरवीत म्हणाली, "आता बघू काय उडतं ते."

बावीस नोव्हेंबर. वस्ताद तिला पुन्हापुन्हा बजावीत होते, "फक्त टॉवेल. मानेवर गार टॉवेल, बाकी काही नाही." पहिली फेरी सुरू झाली आणि ताईच्या लक्षात आले, की तिच्या हातांना काम उरले नाही. एरवी ती बाटल्या उघडून ठेवी, बर्फ फोडी, टॉवेल पिळी. लढत अशी तिने तुकड्यातुकड्यांतच पाहिली होती. आता तिच्यापाशी नुसते डोळे होते, आणि ते भावावर ठरत नव्हते. ते पिंजऱ्याच्या जाळीवरून सरकत सरकत पलीकडच्या पंचांवर गेले.

छोट्या सुरेख लढत होता. त्याची लाथ हातोड्याच्या पोटरीवर बसे तेव्हा 'थप्' असा बारका, ओल्या फडक्यासारखा आवाज होई, आणि तो आवाज कोपऱ्यातल्या माणसांपलीकडे कोणापर्यंत पोचत नसे. हातोडा खांद्यामागून ठोसा सोडी, ठोसा हवेत जाई, आणि सारे क्रीडागृह "होऽ!" करून उठे. छोट्या बगल देऊन बाजूला झाला की शिट्ट्या, आणि मग एका सुरात, "पळपुट्या! पळपुट्या!"

चष्मेवाला पंच छोट्याच्या पाठीच्या बाजूला होता. त्याला दिसत होती ती रुंद पाठ, आणि तिच्या पलीकडून येणारा हातोड्याचा खांदा. ठोसा लागला की नाही, हे त्या जागेवरून प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही दिसले नसते. पण "होऽ!" झाले, की तो दचके. अंगभर, झोपेतून उठवलेल्या माणसासारखा. मग किंचित मान हलवी. पुन्हा "होऽ!", पुन्हा मान. ताई पाहत राहिली. आज एक थेंब उडत नव्हता. तुकतुकीत कोरडे डोके दिव्याखाली चमकत होते. आणि तरीही ती मान हलत होती.

दुसऱ्या फेरीनंतर छोट्या कोपऱ्यात येऊन बसला. ताईने त्याच्या मानेवर टॉवेल दाबला आणि कानाशी तोंड नेले. "छोट्या, ते तुझं बघतच नाहीयेत. लोकांचं ऐकून लिहितायत."

"मग काय करू? लोकांना चुकवू?"

वस्ताद गुडघ्यावर बसले होते. त्यांचा चेहरा पडला होता. जन्मभर शिकवलेले स्वतःच्या तोंडाने मोडायचे होते. "ऐक. ही फेरी सरकू नकोस. मधोमध उभा राहा. दोन खा, चार दे. लोकांना आवाज हवाय, आवाज दे."

"हातोड्याचे दोन?" छोट्याने ताईकडे पाहिले. "खाल्ले तर उद्या माझं नाव यादीत राहील, पण मला वाचता येईल का? ताई, तू सांग. तू म्हणशील तसं."

यादी म्हणजे काय हे तिला ठाऊक होते. ते नाव गेले, तर हा माणूस जिन्यांवरून काचा वाहण्यापलीकडे कोणीच उरणार नव्हता. आणि समोर, हाताच्या अंतरावर, तो चेहरा होता: धडधाकट नाक, दोन्ही भुवया शाबूत. भोंगा वाजला.

"जसा जातोयस तसा परत ये," ती म्हणाली.

तो उठला आणि पुन्हा आपल्या पद्धतीने लढला. त्या फेरीत हातोड्याचा एकही ठोसा त्याला नीट लागला नाही. शेवटी शेवटी हातोडा पाय ओढत होता, आणि पाय ओढत पुढे येणाऱ्या माणसाचे शौर्य पाहून लोक खुर्च्यांवर चढले होते. तो पाय कोणी निकामी केला, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

निकाल दोन विरुद्ध एक. रेफरीने हातोड्याचा हात वर केला तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने रेफरीचाच खांदा धरला होता. वाचकांना स्मरत असेल. की टाळ्या वाजवताना ते दिसले नाही?

ताई कपडे बदलण्याच्या खोल्यांबाहेर येरझारा घालीत होती, तेव्हा हातोडा भिंतीला धरून लंगडत आला. त्याची पोटरी मडक्यासारखी सुजली होती.

"ताई, बर्फ आहे का हो थोडा?"

तिच्याजवळ बर्फ होता. भावासाठी आणला होता. त्याला लागला नव्हता. तिने पिशवीच त्याला दिली आणि, हातांना काहीतरी हवेच होते म्हणून, खाली बसून ती त्याच्या पायाला बांधूनही दिली.

"उद्या जिना कसा उतरू, कळत नाही," तो म्हणाला. "आणि जिंकलो म्हणे मी."

"कोण म्हणालं?"

बाहेर अजून त्याच्या नावाचा गजर चालू होता. त्याने अंगठ्याने त्या दिशेला दाखवले. "ते काय, ते म्हणतायत."

सोमवारी छोट्याचे नाव यादीतून काढण्यात आले. वस्तादांनी या वेळी तक्रार केली नाही. बेरीज बरोबर होती. छोट्या काचा बसवतो. त्याचे केस पुन्हा बोटभर वाढले आहेत, आणि तो ताईची थट्टा करतो, "पाणी बंद, केस बंद, आता पुढच्या वेळी डोकंच घरी ठेवून जातो." पुढची वेळ नाही, हे दोघांनाही माहीत आहे. ताई वेण्या घालायला अजून जाते. पण वेण्या घालतानाही आताशा तिचे हात थांबत नाहीत. घातलेली वेणी ती उलगडते आणि पुन्हा घालते. त्याचे नाव आधी पाण्याने गेले, मग आपल्या एका शब्दाने गेले, की मुळात यातले काहीच कारण नव्हते? आरसा सरळ करता करता ती वस्तादांना विचारते, "मी त्याला पुढे जा म्हणायला हवं होतं का हो?" वस्ताद नाही म्हणतात. थोड्या वेळाने ती पुन्हा विचारते.

तिला याचे उत्तर देणे संघाच्या हाती नाही, पंचांच्याही नाही. चष्मेवाला पंच आजही सरळ माणूस आहे आणि आजही दचकतो. त्याला दचकवणारे, वाचकहो, तुम्ही आहात. पुढच्या लढतीचे तिकीट तुमच्या खिशात असेल, म्हणून मागणी आजच करून ठेवणे बरे. हातमोजा अंगाला लागलेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नाही, तोवर तोंड बंद ठेवा. आणि लाथ बसलेली दिसली, तर तिच्यासाठीही तेवढ्याच मोठ्याने ओरडा.